पावणेअठ्ठावीस फेरे

१९९६ च्या मे महिन्यात नानांचा मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला. तिथं लोक सीडीकडं वळले होते आणि असली मशिनं अंगणात मांडून मातीमोल भावानं विकत होते. नाना शाळेतून निवृत्त झालेले, भजनी मंडळाची पेटी वाजवणारे. घरात रेकॉर्डी दीडशेच्या वर, पण वाजवायचं जुनं मशीन कधीच बंद पडलेलं. मुलानं आधीच फोन करून सांगितलं होतं की हे ११० व्होल्टवर चालतं, म्हणून मी जळगावहून ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला. जोडलं, थाळी फिरली, नानांनी एक जुनं नाट्यपद लावलं. दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

"हाई गाणं नही भो, गाणानी तेरवी शे."

आवाज स्वच्छ होता. खरखर नाही, फाटणं नाही. पण गायक जेवून सुस्तावल्यासारखा गात होता. मी म्हटलं, बेल्ट सैल झालाय, उद्या बदलतो. पुढचे अठरा दिवस त्या एका वाक्यात गेले.

बेल्टवर चालणारी मशिनं तोवर माझ्या हाताखालून फारशी गेली नव्हती, हे कबूल करतो. मी शिकलो ते धरणगावातल्या एका स्पीकरवाल्या शेठकडं, १९७५ पासून. लग्नाचा सीझन आला की निंबाच्या झाडाला भोंगा बांधायचा, खाली बाजेवर मशीन मांडायचं आणि पंगती उठेपर्यंत रेकॉर्डी पालटत बसायचं. त्या मशिनांत पट्टा नसायचा. मोटारीची दांडी एका रबरी चाकाला घासायची, ते चाक थाळीच्या कडेला आतून घासायचं. चाक झिजलं की सॅंडपेपर मारायचा, गुळगुळीत झालं की स्पिरिटनं पुसायचं. जोर भरपूर, आवाजही भरपूर: मोटारीची घरघर चाकातून थाळीत, थाळीतून सुईत, सुईतून भोंग्यात जायची. लग्नात कोण ऐकतंय? बेल्टचं मशीन त्या मानानं सोवळं. मोटार एका कोपऱ्यात, थाळी दुसरीकडं आणि दोघींमध्ये फक्त एक रबरी पट्टा. मोटारीची थरथर त्या रबरात जिरते. पण सगळा भार त्या पट्ट्यावर. तो सैल झाला तर घसरतो, कडक झाला तर चकाकतो आणि घसरतो, जुना झाला तर उन्हाळ्यात डांबरासारखा पाघळतो. मग पुलीला आणि बोटांना चिकटलेली ती काळी चिकटी दोन दिवस जात नाही.

नानांच्या मशीनचा पट्टा जुना होताच. मी आधी टेपरेकॉर्डरच्या बेल्टांच्या झुबक्यातला सगळ्यांत मोठा ताणून बसवला. घसरणं थांबलं, घरघर सुरू झाली. पट्टा इतका ताठ की मोटारीची दांडी एका अंगाला ओढली जात होती. तो काढला. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, सोल्युशननं जोड देऊन बसवली. आता दर फेऱ्याला गाण्याला उचकी लागायची. नीट मोजलं तर उचकी दर फेऱ्याला नव्हती, फेऱ्याहून थोडी उशिरा येत होती. हे कळणं महत्त्वाचं. रेकॉर्डचं भोक मध्यावर नसेल किंवा थाळी लंगडत असेल, तर डोलणं बरोबर एका फेऱ्यानं, म्हणजे सुमारे पावणेदोन सेकंदांनी येतं. पट्टा थाळीच्या घेरापेक्षा लांब असतो, म्हणून त्याचा जोड पुलीवर येईपर्यंत थाळी एक फेरा ओलांडून पुढं गेलेली असते. दोष कुठं आहे हे त्याच्या तालावरून सांगता येतं. शेवटी मुंबईला जाणाऱ्या एका कापूस व्यापाऱ्याबरोबर जुना पट्टा नमुना म्हणून धाडला आणि लॅमिंग्टन रोडवरून तसाच नवा, चपटा, आतून घासलेला पट्टा आला.

बसवला. पुली, थाळीची आतली कड स्पिरिटनं पुसली. स्पिंडल उपसून त्याच्या खोबणीतलं जुनं, मधासारखं घट्ट झालेलं तेल काढलं, तळाची पोलादी गोळी पुसली, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. थाळी आता बोटानं ढकलली तरी बराच वेळ फिरत राहायची. गाणं मात्र तेरवीचंच.

इथं माझा आणि नानांचा वाद झाला. ह्या मशीनच्या थाळीच्या कडेला बारीक ठिपक्यांची ओळ होती आणि शेजारी एक लालसर दिवा. दिवा विजेच्या लहरींबरोबर लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर दर लुकलुकीला मागच्या ठिपक्याच्या जागी पुढचा येऊन उभा राहतो आणि ठिपके थांबल्यासारखे दिसतात. वेग कमी असेल तर ते मागं सरकतात, जास्त असेल तर पुढं. नानांच्या मशीनवर ठिपके दगडासारखे उभे होते. मी नानांना खाली वाकून दाखवलं: पाहा, मशीन स्वतःच सांगतंय की वेग बरोबर आहे. तुमची रेकॉर्डच तशी असेल.

नाना काही बोलले नाहीत. पेटी ओढली, भाता दाबला, काळी दोनवर बोट ठेवलं. "हाई पद मी चाळीस वरीस ऐकेल शे. ते इथं शे." मग रेकॉर्ड लावून पांढरी एक दाबली. सूर जुळला. काळी दोनचं गाणं पांढरी एकमध्ये उतरलं होतं, मधल्या दोन पट्ट्या गिळून. मी तरीही ठिपक्यांकडं बोट दाखवत राहिलो. वीस वर्षं मशिनं उघडलेल्या माणसाला पेटीवाल्याचं ऐकायला जड जातं.

घरी येऊन झोप लागली नाही. सकाळी चहाआधी नानांकडं गेलो. थाळीच्या कडेवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, मनगटातलं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि मिनिटभर फेरे मोजले. लाँगप्लेसाठी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे हवेत. भरले पावणेअठ्ठावीस. परत मोजले, पावणेअठ्ठावीसच.

मशीन उलटं केलं. मागच्या पत्र्याच्या पट्टीवर व्होल्टच्या पुढं जे लिहिलं होतं ते मी पहिल्या दिवशी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं: ६० हर्ट्झ.

अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनं घेते, आपली ५०. असल्या मशीनची मोटार सिंक्रोनस असते. ती व्होल्टला विचारत नाही, आवर्तनांशी पाय जुळवून चालते. ट्रान्सफॉर्मरनं २३० चे ११० केले, पण आवर्तनं पन्नासची पन्नासच राहिली. मोटार पाच षष्ठांश वेगानं चालू लागली, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांशाचे पाच षष्ठांश पावणेअठ्ठावीसच्या पुढं केसभर, आणि सूर तीन पट्ट्या खाली. ठिपके? तेही अमेरिकेच्या विजेसाठी आखलेले होते, २१६. थाळी ज्या प्रमाणात मंदावली, नेमक्या त्याच प्रमाणात दिव्याची लुकलुकही मंदावली. चोर आणि पंच एकाच घरचे. ठिपके उभे राहणारच. ते मला थाळीचं आणि विजेचं नातं सांगत होते आणि मी ते थाळीचं आणि घड्याळाचं समजत होतो.

मला वाटलं, ४५ च्या खाचेवर बेल्ट चढवला तर भागेल. नाही भागत. तिथं साडेसदतीस फेरे होतात. गायक सुस्ती सोडून एकदम गाडी पकडायला निघाल्यासारखा पळतो. दोन्ही खाचांच्या मधला वेग हवा होता, म्हणजे पुली नवी करणं आलं, सहाला पाच ह्या प्रमाणात मोठी.

जिनिंगच्या यंत्रांची कामं करणारा एक टर्नर माझ्या ओळखीचा. व्हर्निअरनं मोजलं तर जुन्या पुलीची ३३ ची खाच ९.६ मिलिमीटर. मी कागदावर एक पूर्णांक दोन दशांशानं गुणून ११.५२ लिहून नेलं. त्यानं कागद पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "जिनिंगनी पुलीले सूतभर फरक चाली जास. तू मले केसना फरक सांगी ऱ्हायना." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तरी त्यानं पितळी सळई लेथला लावली, आणि मी न सांगता खाचेचा मध्य जरा फुगीर ठेवला. चपटा पट्टा नेहमी पुलीच्या उंच भागाकडं चढतो, म्हणून फुगीर पुलीवर तो आपोआप मध्यावर राहतो. हे त्याला जिनिंगच्या मोठ्या पट्ट्यांवरून माहीत होतं. मी पुस्तकातून शिकलो असतो.

पुली बसवण्याआधी नवे ठिपके हवे होते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो, म्हणजे मिनिटाला ६०००; त्याला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांशानं भागलं की बरोबर १८० येतात. ३६० अंशांत १८० रेघा, दर दोन अंशांना एक. माझ्या मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा गोल कापला आणि रात्री बारापर्यंत शाईनं रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी नानांच्या ट्यूबलाइटखाली तो पुठ्ठा थाळीवर ठेवला. साध्या बल्बची तार लगेच थंड होत नाही, त्यामुळं त्याची लुकलुक पुसट; चोकवाल्या ट्यूबखाली रेघा ठसठशीत दिसतात. मशीनचे मूळचे ठिपके आता सैरावैरा धावत होते आणि पुठ्ठ्यावरच्या रेघा जवळजवळ उभ्या. जवळजवळ, कारण सेकंदाला एक रेघ मागं सरकत होती. शंभरात एक. म्हणजे अजून एक टक्का कमी.

चूक माझ्या गुणाकारात होती. पट्ट्याची जाडी मी धरलीच नव्हती. पट्टा पुलीवर बसतो तेव्हा त्याच्या जाडीचा मध्य जिथून फिरतो तो खरा घेर. पुली ९.६, पट्टा ०.६, मिळून १०.२. त्याची सहा पंचमांश पट १२.२४, त्यातून पट्ट्याचे ०.६ गेले की ११.६४. मी दिलेल्या मापाहून ०.१२ मिलिमीटर जास्त. टर्नरकडं परत गेलो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. पितळ घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही, म्हणून दुसरी पुली. ह्या वेळी रेघा उभ्या राहिल्या. नानांनी पद लावलं, काळी दोन दाबली आणि मग पेटी बाजूला सारून डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. मला चहा विचारायचं त्या दिवशी राहून गेलं.

प्रकरण इथं संपायला हवं होतं. आठवड्यानं निरोप आला: सकाळी गाणं बरोबर, संध्याकाळी सातला उतरलेलं, रात्री अकरानंतर किंचित चढलेलं. मी पुठ्ठा घेऊन सातला गेलो. रेघा उभ्या. नानांनी पेटीवर काळी दोन दाबली, मग पांढरी दोन. गाणं दोघींच्या मधल्या फटीत होतं, जिथं पेटीला पट्टीच नाही. ह्या वेळी मी वाद घातला नाही. चिठ्ठी लावली, घड्याळ ठेवलं, पाच मिनिटं मोजली. १६६ च्या पुढं हवे होते, भरले १६२.

पुली बरोबर, पट्टा बरोबर, तेल बरोबर. वीजच हळू चालली होती. हिशेबानं ४८.६ हर्ट्झ. त्या काळात मागणी वाढून निर्मिती कमी पडली की सगळ्या ग्रिडची आवर्तनं खाली यायची, संध्याकाळी गावोगावी दिवे आणि पंप एकदम सुरू झाले की हमखास. रात्री भार उतरला की पन्नासच्या वर चढायची. जनित्रं चढावर लागलेल्या बैलगाडीसारखी मंदावायची, आणि त्यांना बांधलेली नानांच्या घरातली छोटी मोटारही. कोयनेपासून कोराडीपर्यंतच्या संचांची दमछाक धरणगावात एका पेटीवर ऐकू येत होती. त्यावर माझ्याकडं औषध नव्हतं. नानांनी मात्र काढलं: नाट्यसंगीत सकाळी, आणि संध्याकाळी निवेदनाच्या, कीर्तनाच्या रेकॉर्डी. बुवा अर्धी पट्टी उतरले तर चालतंय म्हणाले.

१ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्याला आवर्तनांच्या प्रमाणात दर लागू झाला. आवर्तनं जितकी खाली, तितकी ती वीज महाग. राज्यं जरा धाकात आली आणि संध्याकाळचा सूर सुधारला. नंतर दोन-तीन वर्षांत भारनियमन इतकं वाढलं की संध्याकाळी सूर तपासायला लाइटच नसायची. नाना म्हणायचे, आता एकही सूर चुकत नाही.

बाकी देखभाल म्हणाल तर ती गावाप्रमाणं असते. जे पुस्तक थंड देशात लिहिलं गेलं त्यात रुईचं नाव नाही. आमच्याकडं दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की हवेत बारीक तंतू तरंगतात. दिसत नाहीत, पण एक बाजू वाजवून सुई उचलली की तिच्या टोकाला चिमणीच्या पिसाएवढा गोंडा. आवाज बसका येतो, वरचे सूर जातात, माणूस म्हणतो सुई गेली. नव्वद टक्के वेळा सुई जात नाही, कापूस आलेला असतो. मऊ कुंचला मागून पुढं, ज्या दिशेनं रेकॉर्ड सुईखालून सरकते त्याच दिशेनं, एकदाच. आडवा फिरवला तर सुईची दांडी वाकते. फुंकर कधीच मारू नये. थुंकीचा थेंब आणि काळ्या मातीची धूळ मिळून खाचेत जे होतं ते निघत नाही.

सुईचा भार मी सराफाकडं मोजला. ह्या सुईला दोन ग्रॅम हवे होते. कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते असं लोकांना वाटतं. उलट हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नास करते. सराफानं मशीनच दुकानात आणायला लावलं, पितळी पारडं थाळीच्या उंचीला आणलं, एका पारड्यात दोन ग्रॅमचं वजन, दुसऱ्यात सुई. पारडं पितळीच हवं. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं, पोलादी पारड्याला ते ओढून घेतं आणि वजन खोटं भरतं; पुढं इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी ह्यात एकदा फसलो. सराफानं मजुरी घेतली नाही. एवढ्या हलक्या दागिन्याची घडणावळ काय घ्यायची, म्हणाला.

गुणगुण यायची ती दोन कारणांनी. एक, ट्रान्सफॉर्मर मशीनच्याच फळीवर ठेवला होता; तीन फूट लांब सरकवला, निम्मी गेली. दुसरं, मशीनची हिरवी वायर अॅम्प्लिफायरला जोडली होती पण घराला अर्थिंगच नव्हतं. कुणी सुईच्या दांड्याला हात लावला की गुणगुण थांबायची. अंगणात खड्डा, मीठ, कोळसा, तांब्याचा पत्रा. नानांच्या सूनबाईंनी त्या खड्ड्याला तुळशीबरोबर पाणी घालायचं मान्य केलं.

आणि सुरत-भुसावळ लाइनवरची मालगाडी. नानांचं घर रुळांपासून फार लांब नव्हतं, गाडी आली की सुई दचकायची. शहाबादी फरशीचा तुकडा, त्याखाली सायकलच्या ट्यूबमध्ये अर्धवट हवा भरून केलेली गादी, त्यावर मशीन. माझ्या त्या फसलेल्या बेल्टची उरलेली ट्यूब तिथं कामाला आली. मे महिन्यात रेकॉर्डी माळ्यावरून खाली आणून भिंतीशी उभ्या ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत, आणि मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर पट्टा काढून पाकिटात ठेवायचा, नाहीतर पुलीच्या जागी त्याला कायमची घडी पडते. हे नाना मला न विचारता करायचे.

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मुलगा आला, त्याच्याबरोबर त्याचा मुलगा. तिकडं आता रेकॉर्डी परत नव्या छापतात, आणि नातवाला आजोबांचं मशीन न्यायचं होतं. मी मशीन उघडून तेल बदललं, नवा पट्टा घातला, आणि बांधून द्यायच्या वेळी हात थांबला. ही पितळी पुली घेऊन मशीन तिथं गेलं तर तिथल्या साठ आवर्तनांवर मिनिटाला चाळीस फेरे घेईल. काळी दोनचं पद काळी तीनमध्ये पळेल, आणि मशीनचे ठिपके पुन्हा सैरावैरा.

स्क्रूंच्या डब्याच्या तळाशी, औषधाच्या रिकाम्या बाटलीत जुनी पुली होती. एवढ्या वर्षांत चार दुकानं बदलली, ती बाटली टिकली. मी पुली पुसून चढवली. आमच्या विजेवर शेवटचं एकदा चालवून पाहिलं. ठिपके दगडासारखे उभे राहिले आणि गाणं तीन पट्ट्या खाली उतरलं. पोरगा म्हणाला, काका, बिघडलं की. मी म्हटलं, तुझ्या घरी लाव, मग फोन कर.

पितळी पुली त्याला द्यावी की ठेवावी, हे त्याच्या वडिलांनीच ठरवलं. ती आता त्या बाटलीत आहे.